गरीब देशातल्या रुग्णालयाला डायलिसिस मशीन दान करावं का?

मशीन पाठवू नका. टांझानियातल्या रुग्णालयासाठी तुमच्या ग्रुपने पैसे जमवलेत, याचं मनापासून कौतुक आहे. पण डायलिसिस नुसत्या मशीनवर चालत नाही.

माझी आई ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या सेंटरला डायलिसिसला जायची. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तिथे एका क्लबने नवंकोरं मशीन दिलं. भिंतीवर संगमरवरी पाटी, तिच्यावर पदाधिकाऱ्यांची नावं, त्यात आमचे मामाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटचं मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणीचा पडदा, गेलं. एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, ते पुरेना. चार तासांचे तीन तास झाले. नवं मशीन प्लास्टिकखाली झाकून कोपऱ्यात आणि आई सुजलेले पाय घेऊन रिक्षाने घरी. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मामांना म्हटलं, क्लबमधून मेम्ब्रेनचे पैसे काढा. म्हणाले, "देणगीदारांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी द्यावं लागतं रे." त्यावरून आमचं जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

टांझानियातच बघा. मलेरिया, जुलाब, बाळंतपणातली गुंतागुंत यांनी धडधाकट माणसाची किडनी अचानक बंद पडते. थोडे दिवस निभावून नेलं तर बऱ्याच जणांची पुन्हा सुरू होते. त्यासाठी पोटात नळी घालून, खास निर्जंतुक औषधी पाणी सोडून-काढून करायचं डायलिसिस पुरतं. त्याला आरओ प्लांट लागत नाही, हाताने केलं तर वीजही लागत नाही. टांझानियातल्याच मोशी शहरातल्या रुग्णालयात हे करून दाखवलं गेलंय. २०१२ पासून 'सेव्हिंग यंग लाइव्ह्ज' नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम आफ्रिका-आशियातल्या डॉक्टर-नर्सना हेच शिकवतो. पैसा तिथे द्या. नर्सच्या ट्रेनिंगला द्या, नळ्यांना द्या, पोटात सोडायच्या पाण्याला द्या.

कायमची गेलेली किडनी ही वेगळी गोष्ट. तिथे डायलायझर (रक्त गाळणारी नळी), सुया, हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), टेक्निशियनचा पगार हे सगळं दर महिन्याला, पेशंट जगेल तितकी वर्षं. कराचीत डॉ. अदीब रिझवींच्या एसआययूटी या किडनीच्या रुग्णालयात डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट दोन्ही फुकट होतं, कारण तिथे सरकारी पैसा आणि लोकांच्या देणग्या वर्षानुवर्षं येत राहिल्यात. एकदाच फीत कापून असलं काम उभं राहत नाही.

आता, जिथे प्लांट धड चालू आहे, टेक्निशियन आहेत आणि पेशंट रांगेत थांबलेत, तिथे मशीन जरूर द्या, माझी ना नाही. मात्र आधी रुग्णालयाकडून लेखी घ्या, की पाण्याचा आणि मेंटेनन्सचा खर्च कोण करणार. आणि ग्रुपमधल्या कुणी पाटीचा विषय काढला, तर त्याला हिशोब बघायला बसवू नका. आमच्या मामांकडे तेच खातं होतं.