दुसरा गिलास मागू नको

लेका, तू विचारलंस ते नॉर्दर्न लाइट्स म्हणजे भांगेच्या झाडाच्या अफगाणी अन् थाई वाणाचा संकर. वास गोडसर, मातकट, थोडा चीडाच्या लाकडासारखा. अंग ढिलं पाडणारा. त्या वासातलं मर्सीन नावाचं द्रव्य आपल्या आंब्यातही असतं बाप्पा! पण त्या झाडाचं फूल, म्हणजे गांजाच; १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं गुन्हा. तिथं हात घालूच नको.

राहिली शिवरात्रीची भांग. राज्याच्या दारूबंदी कायद्यात तीही येते, हे ध्यानात ठेव. पोटातून चढायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून मी दुसरा गिलास मागितला, अन् रात्रभर गोठ्यातली गाय मलाच हसत होती. वर दारू तर नकोच. सकाळपर्यंत ट्रॅक्टरची चाबी वहिनीकडे दे.