‘कालातीत’, ‘सदाबहार’ की ‘रुळलेलं’? अमेरिकेतल्या जुन्या गाण्यांसाठी मराठी शब्द

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या रूट्स (जुन्या लोकपरंपरेतून आलेल्या) आणि ऑल्ट-कंट्री (‘कंट्री’ या तिकडच्या लोकप्रिय गायनप्रकाराच्या, रुळलेल्या बाजारापासून फटकून राहिलेल्या) संगीतावर मराठीत लेख लिहायचा आहे. ही गाणी इतकी वर्षं का टिकली, हा लेखाचा विषय. त्यात ‘टाइमलेस’ या अर्थी कालातीत, अजरामर, सदाबहार यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि ‘ऑल्ट-कंट्री’ला ‘पर्यायी ग्रामीण संगीत’ म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून ते आधी. ‘पर्यायी ग्रामीण संगीत’ म्हणू नका. मराठीत पर्यायी रस्ता असतो तो मुख्य रस्ता बंद असताना वापरायचा. या शब्दाला बदलीचा, तात्पुरतेपणाचा वास आहे. ऑल्ट-कंट्रीवाल्यांचा दावा बरोबर उलटा होता. नॅशव्हिल या कंट्रीच्या व्यापारी केंद्रातल्या स्टुडिओंतून घोटून गुळगुळीत झालेल्या कंट्रीपेक्षा आपणच जुन्या कंट्रीच्या जवळ आहोत, असं ते मानत. ‘ग्रामीण’ही जमत नाही. या संगीताचा पाया समजली जाणारी 1927 सालची ध्वनिमुद्रणं झाली ती टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल शहरात, टोप्यांच्या एका जुन्या गोदामात. व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीसाठी राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन तिथं आले, डोंगरातून गाणारे खाली उतरले आणि तबकड्या बाजारात गेल्या. मूळ गाव आहेच, पण बाजार आणि यंत्रही पहिल्या दिवसापासून आहेत. तेव्हा ‘ऑल्ट-कंट्री’ आणि ‘रूट्स संगीत’ हे शब्द देवनागरीत तसेच ठेवा. ‘मूळ संगीत’ लिहिलंत तर वाचक ‘ओरिजिनल’ समजेल. ‘लोकसंगीत’ हा शब्द कर्ता हरवलेल्या गाण्यांपुरता राखून ठेवावा.

आता मोठा प्रश्न. ‘कालातीत’ हा शब्द मला इथं मुळीच नको वाटतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, हेत्वाभासाचे (वरवर खऱ्या वाटणाऱ्या चुकीच्या कारणाचे) पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या एकाचं नावच कालातीत. वेळ टळून गेल्यावर पुढे केलेलं कारण, असा त्याचा अर्थ. म्हणजे ज्याचा काळ सरला ते कालातीत. पुढे गुणातीत, शब्दातीत, कल्पनातीत यांच्या धर्तीवर ‘काळाच्या पलीकडचं’ हा अर्थ मराठीत स्थिरावला आणि आज तोच चालतो, त्याला माझी हरकत नाही. हरकत वेगळी आहे. ही गाणी काळाच्या पलीकडची नाहीतच. त्यांच्या अंगावर त्यांचा काळ स्पष्ट दिसतो.

ब्रिस्टलला मुद्रित झालेल्या गायकांपैकी कार्टर फॅमिली हे ए. पी., सारा आणि मेबेल कार्टर या एका घरातल्या तिघांचं त्रिकूट. त्यांचं 1936 सालचं ‘नो डिप्रेशन इन हेवन’ घ्या. स्वर्गात डिप्रेशन नाही, मी तिकडे निघालोय, असा त्याचा आशय. आजचा अनुवादक इथं ‘नैराश्य’ लिहून मोकळा होईल आणि गाणं हातचं जाईल. ते साल महामंदीचं आहे. इथं शब्द हवा ‘मंदी’. बँका बुडाल्या, शेतं लिलावात गेली, त्या माणसांचा स्वर्ग म्हणजे मंदी नसलेला मुलूख. 1990 मध्ये इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावच्या ‘अंकल टुपेलो’ या तरुण पोरांच्या बँडनं हे गाणं आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं आणि अल्बमलाही ‘नो डिप्रेशन’ हेच नाव दिलं. 1995 मध्ये त्याच नावाचं नियतकालिक निघालं, आणि पुढे त्या साऱ्या संगीतालाच लोक ‘नो डिप्रेशन’ म्हणू लागले. त्या नियतकालिकानं स्वतःचं वर्णन ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री, म्हणजे जे काही असेल ते’ असं केलं होतं, यावरून नावाचा प्रश्न तिकडेही किती अवघड होता ते कळतं. गाण्यातली मंदी अमेरिकेतल्या एका ठरावीक दशकातली आहे. पण छोट्या गावात हाताला काम नसलेल्या माणसाला ते शब्द पन्नास वर्षांनीही आपले वाटले. त्यासाठी गाण्यावरची तारीख पुसावी लागली नाही.

‘अजरामर’ची फोड करून पाहा : जरा, म्हणजे म्हातारपण, नाही; मरण नाही. या गाण्यांना मरण नसेल, पण जरा आहे, आणि तीच मला सगळ्यांत मोलाची वाटते. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे कार्टर फॅमिलीनं 1928 मध्ये मुद्रित केलेलं गाणं. मूळ गाणं 1860 मध्ये छापलं गेलं, चाल जोसेफ वेबस्टर यांची. त्यात नायिका आपल्या ‘रिंगलेट्स’मध्ये, म्हणजे कुरळ्या बटांमध्ये फुलं गुंफीन म्हणते. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षं गाणं तोंडोतोंडी फिरलं आणि सारा कार्टर गाते तेव्हा त्या जागी ‘मिंगल्स’ असा शब्द आलेला असतो. मिंगल म्हणजे मिसळणं. बटा गेल्या, हाती फक्त नाद उरला. एका फुलाचं नाव तर ओळखू येणार नाही इतकं बदललं. तरीही हेच रूप पसरलं, हेच गिटार शिकणाऱ्या पिढ्यांनी गिरवलं. मेबेल कार्टर अंगठ्यानं खालच्या स्वरांच्या तारांवर चाल वाजवत आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरत. ती पद्धत कळायला हे गाणं ऐकावं.

आपल्याला हे अनोळखी वाटू नये. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’मध्ये ‘फणिवरबंधना’च्या जागी ‘फळीवर वंदना’ म्हणणारी घरं आजही आहेत. नागराजाचा कमरपट्टा बांधलेला गणपती त्यांना ठाऊक नाही. पण आरती साडेतीनशे वर्षं उभी आहे ती याच तोंडांच्या जिवावर. शब्द झिजला म्हणजे तो पुष्कळ तोंडांतून गेला.

इथं मराठीतला ‘चाल’ हा शब्द फार उपयोगी पडतो. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल –’ लिहून आधीच्या एखाद्या पदाचा मुखडा दिलेला असे. चाल सर्वांची, शब्द आपले, हे त्यात गृहीत होतं. ए. पी. कार्टर याच रीतीनं गाणी गोळा करत डोंगरातल्या घराघरांत हिंडले. सोबत लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक असत. कार्टर शब्द उतरवून घेत आणि चाल रिडल डोक्यात साठवून आणत. तबकड्यांवर मात्र रिडल यांचं नाव नाही. तुमच्या लेखात ते जरूर यावं, कारण रूट्स म्हणताना गोऱ्या डोंगरी माणसांचंच चित्र उभं राहतं आणि ते अपुरं आहे. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या हातांतून अमेरिकेत आलं. 2005 मध्ये रायनन गिडन्स ही कृष्णवर्णीय गायिका आणि तिचे दोन साथी नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्पसन या वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाकडे (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) जाऊन बसू लागले, त्याच्याकडून वाजवणं उचलू लागले. ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा गट त्यातून उभा राहिला. आणि चाल सर्वांची याचा आणखी एक दाखला : लोकगायक वुडी गथ्रींच्या 1940 च्या ‘धिस लँड इज युअर लँड’ची चाल तर कार्टर फॅमिलीच्या एका भक्तिगीताला अगदी लागून आहे.

मग शब्द कोणता? माझी पसंती ‘रुळलेलं गाणं’ याला. वाट रुळते ती माणसं चालून चालून. परका शब्द भाषेत रुळतो, नवी सून सासरी रुळते, गाणं तोंडी रुळतं. रुळण्यात वेळ आहे, वापर आहे, झीज आहे, आणि जिथं रुळायचं त्या जागेनं सामावून घेणंही आहे. ‘सदाबहार’मध्ये यांतलं काही नाही. तो ताजेपणाचा शब्द आहे आणि रेडिओवरच्या हिंदी चित्रपटगीतांना इतका चिकटलाय की लेखात आला की वाचकाच्या कानात दुसरीच गाणी वाजू लागतील. कुणी ‘मुरलेलं’ सुचवेल. गायक मुरलेला म्हणावा. गाणं मुरत नाही, रुळतं.

सगळीच गाणी रुळत नाहीत, हे मात्र लेखात यायला हवं. रुळणाऱ्या गाण्यात दुसऱ्याला शिरायला जागा असते, असं माझं मत आहे. गीतकार-गायक टाउन्स व्हॅन झँट यांचं ‘पांचो अँड लेफ्टी’ 1972 चं; पांचो आणि लेफ्टी हे त्यातले दोन मित्र. पांचो मेला त्याच दिवशी लेफ्टी ओहायोला निघून गेला. पैसे कुठून आले कुणाला ठाऊक नाही. लेफ्टीनं मित्राला विकलं का, हे गाण्यात कुठंच उघड म्हटलेलं नाही. टाउन्स हयात असताना त्यांचा श्रोतावर्ग लहानच होता. 1983 मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या नावाजलेल्या कंट्री गायकांनी तेच गाणं कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. आवाज बदलला की लेफ्टीचा अपराध कमी-जास्त होतो. न सांगितलेली गोष्ट प्रत्येक गायकाला नव्यानं ठरवावी लागते, म्हणून गायकही पुन्हा पुन्हा त्या गाण्याकडे वळतात. सगळं उलगडून सांगणारं गाणं एकदा ऐकलं की आपलं त्याच्याशी काम उरत नाही.

एक जाता जाता. ‘कव्हर’साठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण म्हणण्यासाठी, तुम्ही ‘पुनर्गायन’ लिहिणार असाल तर थांबा. तो शब्द ऐकताना नक्कल वाटते. ‘नेल्सन आणि हॅगार्ड यांनी आपल्या ढंगात म्हटलं’ इतकं साधं वाक्य पुरतं. शीर्षकाला ‘शंभर वर्षं रुळलेली गाणी’ कसं वाटतं ते पाहा; ब्रिस्टलच्या त्या ध्वनिमुद्रणांची शंभरी 2027 मध्ये भरते, तेव्हा ‘शंभर’ हा आकडाही ओढूनताणून आणलेला ठरणार नाही.