सिस्टर पहिल्यांदा घरी येणार, तेव्हा

ताई, उद्या सासूबाईंसाठी सिस्टर येणार ना? घोडबंदर रोडचं ट्रॅफिक बघता थोडा उशीर धरूनच चाला, आणि वॉचमनला नाव आधी सांगून ठेवा.

पहिल्या भेटीत बराच वेळ विचारपूस आणि लिहिण्यातच जातो. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत काढून ठेवा. काढा-चूर्ण चालू असेल तर तेही सांगा, लपवू नका. मग बीपी, शुगर, ऑक्सिजन बघतील. चांगली सिस्टर कुशीवर वळवून माकडहाड आणि टाचा बघतेच. तिथे कातडी लाल असेल आणि बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर ती बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची. नळी घालून लघवीची पिशवी लावलेली असेल, तर ती कायम ओटीपोटाच्या पातळीखाली लटकवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. ती रिकामी कशी करायची, हे सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने एकदा करून बघा.

इंजेक्शनसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागतील, ते योग्यच आहे. तुम्हीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी खुशाल विचारा. घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून येणाऱ्या सगळ्याच जणी नर्स नसतात.

सासूबाईंना आज रात्रीच कल्पना द्या, अनोळखी हात लागला की वयस्क माणसं बिचकतात. आणि दुखतंय कुठे, हे त्यांचं त्यांनाच सांगू द्या.