‘प्रात्यक्षिक’ हा शब्द खोड

प्रिय पोरी,

तू पाठवलेली आपल्या आदिवासी क्रीडास्पर्धेची कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचली. साडेदहाला पाहुण्यांचं स्वागत, मग तारपा नृत्य, मग ‘तीरकामठा प्रात्यक्षिक, १५ मिनिटे’ (म्हणजे आपला धनुष्यबाण), आणि अकरापासून स्पर्धा: कबड्डी, खो-खो, १०० मीटर, गोळाफेक. समासात पेन्सिलीने तू लिहिलंयस, ‘काहीतरी चुकतंय, पण काय ते समितीला पटवता येत नाही.’

चुकतंय ते त्या एका शब्दात आहे. ज्या खेळाला पदक नाही, तो आपल्याच मैदानात पाहुणा ठरतो. टाळ्या घेतो आणि निघून जातो. संध्याकाळी फळ्यावर गुण लिहिले जातात तेव्हा तिथे कबड्डी असते, तीरकामठा नसतो, आणि आठवीतला पोरगा ते बघून काय शिकायचं ते शिकतो. म्हणून पहिलं आणि शेवटचं हेच: प्रात्यक्षिक नको, पदक दे.

समिती म्हणते, या खेळांना नियम नाहीत. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. नियम लिहून ठेवलेले नाहीत, एवढंच खरं. लिहायचे कसे, हे बघायचं तर उत्तर ध्रुवाकडचे लोक बघ. १९७० साली कॅनडातल्या येलोनाईफला आर्क्टिक हिवाळी क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. तिथे आईस हॉकीही असते आणि इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांचे स्वतःचे खेळही असतात. त्यातली एका पायाची उंच लाथ घे. दोरीला सीलच्या कातड्याचा छोटा गोळा टांगलेला असतो. खेळाडू दोन्ही पायांवर उडी घेतो, एका पायाने गोळ्याला स्पर्श करतो आणि त्याच पायावर तोल सांभाळून उतरतो. दुसरा पाय आधी टेकला तर प्रयत्न बाद. प्रत्येक उंचीला तीन प्रयत्न. झाला नियम! तिथल्याच डेने या दुसऱ्या आदिवासींची काठीओढ तर आणखी साधी: दोन्ही टोकांना निमुळती, फूटभर लांब, चरबी चोपडलेली काठी. दोघं शेजारी उभे राहतात, तोंडं उलट दिशेला, आणि एकेका हाताने ती सरळ मागे ओढतात. पिळायची नाही, झटका द्यायचा नाही. निसरडा मासा शेपटीजवळ पकडून ठेवण्याचं कसब त्यात मोजलं जातं. यातलं काहीच कुणा महासंघाने शोधलेलं नाही. लोक खेळत होते तेच कागदावर उतरवलं आणि पदकाला लावलं. ते पदकही ‘उलू’च्या आकाराचं. उलू म्हणजे तिथल्या बायकांच्या हातातला अर्धगोल सुरा. १९९० साली कॅनडातल्याच एडमंटनला सुरू झालेल्या नॉर्थ अमेरिकन इंडिजिनस गेम्समध्येही, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या स्पर्धांमध्ये, लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा त्यांचा खेळ) आणि होड्यांच्या शर्यती बास्केटबॉलच्या बरोबरीने पदकाला असतात. उद्घाटनापुरत्या नसतात.

तुझी दुसरी शंका मला जास्त आवडली: नियमात बांधलं की खेळ मरेल का? मरू शकतो. बाहेरच्याने बांधला तर नक्की मरतो. म्हणून नियम खेळणाऱ्यांनी सांगायचे, तू फक्त लिहायचे. वेगवेगळ्या पाड्यांवरचे चार-पाच जाणते एकत्र बसव. ‘नियम काय?’ असं विचारू नकोस, कुणी काही बोलणार नाही. भांडण समोर ठेव. बाण लागला पण खाली पडला, तर मोजायचा? कामठा मोडला तर दुसऱ्याचा घेता येतो? बाण हातातून सुटून पायाशी पडला, तर तो गेला की परत मारायचा? ते वाद घालतील. ज्यावर सगळे ‘हां’ म्हणतील ते वहीत उतरव. मग मुलांमध्ये एकदा खेळवून बघ, खटकेल ते बदल, आणि स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी वही बंद कर. त्यानंतर एक अक्षर हलवायचं नाही, सरपंचांच्या भाच्यासाठीसुद्धा नाही. मैदानावर नियम वाचायचे ते घरात बोलतात त्या बोलीत.

आता तीरकामठ्याचं मैदान. हे नीट वाच, इथे चूक झाली तर पोरांच्या अंगाशी येते.

मागे मातीचा चढ किंवा बांध असेल अशीच जागा निवड. नसेल तर निशाणामागे किमान ५० मीटर आणि दोन्ही बाजूंना २० मीटर मोकळं, दोरी लावून, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक मोठा माणूस. निशाणाला भाताचा पेंढा: चार फूट लांब-रुंद, फूटभर जाड, काथ्याने आवळून बांधलेला. सैल बांधलास तर लोखंडी टोकाचा बाण आरपार जाईल. आदल्या दिवशी दहा बाण मारून बघ आणि सैल निघेल तिथे पुन्हा आवळ. १४ वर्षांखालच्यांना २० मीटर, मोठ्यांना ३० मीटर. एका फेरीत तीन बाण, दोन मिनिटं. अशा सहा फेऱ्या, म्हणजे अठरा बाण. नेमबाजांच्या रेषेमागे पाच मीटरवर थांबण्याची रेषा फक्कीने आख. दोन शिट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला चला, आणि ओळीने पाच-सहा शिट्या म्हणजे बाण न मारता लगेच थांबा. शिटी एकाच माणसाच्या गळ्यात. दुसऱ्याकडे शिटी दिसली तर काढून घे.

बाण तपासल्याशिवाय कुणालाही रेषेवर सोडू नकोस. प्रत्येक बाण कानाशी धरून हलका वाकवायचा. चिरलेला बांबू ‘कर्र’ करतो, आणि तसला बाण सुटताना फुटून हातात घुसतो. बाण ओढीपेक्षा चार बोटं तरी लांब हवा. आखूड असला तर पूर्ण ओढल्यावर टोक मुठीच्या आत येतं आणि सुटताना स्वतःचाच हात फाडतं. शिकारीची काटेरी पाती बंद. सगळ्यांना एकाच लोहाराकडून साधी टोकं करून घे. कामठा मात्र ज्याचा त्याचा. आणि कुणी अंगठा न लावता दोन बोटांनी ओढत असेल तर ‘हात सुधार’ म्हणणाऱ्या क्रीडाशिक्षकाला बाजूला घे. तो हात आधीच बरोबर आहे. पंच दोघं: एक जाणता, एक शिक्षक. खेळात शब्द जाणत्याचा, सुरक्षेत शिक्षकाचा.

तारखेचं बोलतो. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आहे, मिरवणूक काढा, सभा घ्या. पण खेळ नकोत. पावसात बांबू दमट होऊन ओढ सुटते, बाणाची पिसं चिकटतात, पेंढा भिजून कुजतो, धावपट्टीचा चिखल होतो. तारपाही भातकापणीच्या हंगामातला. पाहुण्यांसाठी त्याला आषाढ-श्रावणात ओढून आणण्यात काय मिळतं? भातकापणी उरकली की शेतं कोरडी असतात. फक्त उशीर करू नकोस. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात आणि पोरंही बरोबर जातात. कापणी आणि स्थलांतर यांच्यामध्ये जेमतेम पंधरवडा मिळतो. तारीख त्यातच.

गुणतक्ता: पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. जे १०० मीटरला, तेच तीरकामठ्याला, तेच बांबूच्या गेड्यांना, म्हणजे उंच बांबूंवर उभं राहून चालण्याच्या शर्यतीला. गेड्यांची पावठी, म्हणजे पाय ठेवायची जागा, लहानांना दीड फुटापेक्षा उंच नको, अंतर २० मीटर, पाय जमिनीला लागला की बाद. मुलींना सगळ्यात प्रवेश, तीरकामठ्यात आधी. समितीने सुचवलेली ‘डोक्यावर हंडा घेऊन शर्यत’ मात्र मुलींना विचारल्याशिवाय लावू नकोस. रोज दोन किलोमीटरवरून पाणी आणणाऱ्या पोरीला त्यात गंमत वाटते का, ते पाहुण्यांनी ठरवायचं नाही. त्या ‘हो’ म्हणाल्या तर खुशाल घे, आणि तिलाही पदक दे.

तुमच्याकडचे एक सदस्य म्हणतील, ‘अशाने आपली मुलं पुढे कशी जाणार?’ ते तिरंदाज लिंबारामचं नाव घेतील. घेऊ देत. उदयपूरकडच्या पाड्यावर बांबूच्या कामठ्याने पाखरं टिपणारा तो मुलगा १९८७ मध्ये सरकारी निवडीत सापडला आणि तीन ऑलिंपिक खेळला. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणलं. दोघांचाही अभिमान आहेच. पण निवडणारे येतात ते मुलाचा डोळा आणि मुलीचा दम घेऊन जायला. कामठा मागे दारात टांगलेला राहतो. निवड चाचणी वेगळी, आपले खेळ वेगळे. एकाच दिवशी दोन्ही घेतलंस तर निवड समितीच्या खुर्च्या मध्यभागी येतील आणि तीरकामठा पुन्हा पंधरा मिनिटांवर जाईल.

माझ्या पिढीने हेच होऊ दिलं. मैदान मिळतंय, चुना मिळतोय, जेवणाचा खर्च निघतोय, तर एवढं चालवून घेऊ, असं म्हणत राहिलो. ते शहाणपण नव्हतं. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता असं आजही वाटतं, आणि तरी पश्चात्ताप जात नाही. म्हणून तुझ्याशी इतका हट्टाने बोलतोय. राग आला तरी चालेल.

समिती अडून बसली तर कबड्डीचा एक गट कमी कर, पण तीरकामठा तक्त्यातून काढू नकोस. पत्रिका छापायला देण्याआधी मला पाठव. तिसऱ्या ओळीत ‘तीरकामठा, १४ वर्षांखालील मुली, २० मीटर’ असं लिहिलेलं हवं, पुढे वेळ आणि पंचांची दोन नावं. आणि लोहाराला आजच सांग, टोकं करायला त्याला तीन आठवडे लागतील.

तुझा,
सर