पासचे पैसे बंद केलेत, तेच मला खटकलं

पारोळा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. कापसाची शेती आहे. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय इतिहास, पहिल्या वर्षाला 61 टक्के. शनिवारी ती एसटीने जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायची, जुनं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आणि कागदपत्रं वाचत बसायची. जुन्या कागदांची मोडी लिपीही शिकतेय. वडील लिहितात, "पोलीस भरतीची तयारी कर म्हटलं तर ऐकत नाही. इतिहास सगळा पुस्तकात लिहून झालाय, जुनी कागदं वाचून पोट भरतं का? म्हणून पासचे पैसे बंद केले. हल्ली घरात बोलत नाही. तिला समजवा."

दादा, समजवायचंच तर आधी तुम्हाला. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. भावकीतले लोक काय म्हणतात, मेव्हण्याची मुलगी कशी भरती झाली, सगळं त्यात आहे. तुमची मुलगी काय म्हणते, याची एक ओळ नाही. ती कोणती कागदं वाचते, त्यात तिला काय सापडलं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का? कापसाचा भाव पडला की घरात काय होतं ते मी जाणतो, पोरगी लवकर मार्गी लागावी ही घाईही समजते. पण पास बंद केला म्हणून पोरगी भरतीच्या मैदानावर पळायला लागत नाही. ती गप्प होते. 61 टक्क्यांची मला काळजी नाही, "हल्ली घरात बोलत नाही" याची आहे.

इतिहास लिहून झालाय, हे मात्र साफ चूक. खान्देशाचा तर फारच थोडा लिहिला गेलाय. 1852 साली सावदा, रावेर, चोपडा भागातले शेतकरी इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध उठले. मोजणी झाली की सारा वाढेल, ही धास्ती होती. तुमची मुलगी वाचते त्या 1880 च्या गॅझेटिअरमध्ये तो 'दंगा' आहे. कारण लिहिणारा सरकारचा माणूस. शेतकऱ्याची बाजू शोधायची तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, गावोगावच्या घरांत कापडात बांधलेले रुमाल सोडावे लागतात, एकेक कागद लावावा लागतो. आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख घ्या, शके 1128 चा, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचं हे दानपत्र. वरचा मजकूर संस्कृत, पण शेवटी व्यवहाराची गोष्ट आली तिथे मराठी येते: बाजारातल्या विक्रीवरचा राजाचा वाटा मठाला, आणि गावात जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. तुम्ही बाजार समितीत माल घालणारा माणूस, या ओळी तुम्हाला माझ्याआधी कळतील. मुलीला वाचून दाखवायला सांगा.

एमपीएससी, सेट-नेट हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत, ते एम.ए.नंतरही खुले राहतात. अभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद जपतात तिथे, काम करायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, तोही एम.ए. झाल्यावर. सरकारी जागा थोड्या आहेत आणि वाट बघावी लागते, हे मी लपवणार नाही. म्हणून मुलीलाही सांगतो, बाई, नुसती आवड पुरणार नाही. इंग्रजी पक्कं कर. मोडी रोज एक पान वाच, महिन्यातून एकदा नाही. खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या काळात शिरायचं असेल तर फारसीला पर्याय नाही. स्कॅनिंग आणि सूची करण्याचं काम हातात बसव, आज त्याची गरज सगळीकडे आहे.

आणि दादा, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कुणबी नोंदीसाठी पणजोबांच्या वेळचे मोडी कागद वाचून घ्यायला तुम्ही पैसे मोजले आणि तरी अर्धेच लागले. 2023 मध्ये नोंदी शोधण्यासाठी शिंदे समिती नेमली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला तालुक्याच्या ठिकाणी किती मागणी आली ते तुम्ही स्वतः पाहिलंत. बाहेरच्या माणसाला ज्या कामाचे पैसे दिलेत, तेच काम तुमची मुलगी शिकतेय, तुमच्याच घरात.

या शनिवारी तिला पास काढून द्या. उरलेले कागद तिच्यापुढे ठेवा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेत असं तुम्ही म्हणता, ते आधी बाहेर काढा. पिशवीत दमट राहतात आणि घडीवर फाटतात. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. धुतलेल्या कोरड्या सुती कापडात सपाट बांधा, बाकी कसं करायचं ते तिला विचारा.