‘सरपंचीण’ की ‘महिला सरपंच’?

प्रश्न असा आहे: गावची सरपंच बाई असेल तर ‘सरपंचीण’ लिहावं, ‘महिला सरपंच’ लिहावं की नुसतं ‘सरपंच’?

नुसतं ‘सरपंच’. ‘-ईण’ प्रत्यय मराठीत जुना आणि रुळलेला आहे, पण पदनामाला लागला की तो बहुधा नातं सांगतो. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, कुलकर्णीण म्हणजे कुलकर्ण्याची. ‘मास्तरीण’चा अर्थ पुढे स्वतः शिकवणारी बाई असा झाला, हे खरं. पण ‘सरपंचीण’ ऐकल्यावर आजही आधी सरपंचाची बायकोच डोळ्यांपुढे येते. निवडून आलेल्या बाईला हे नाव देणं मला अन्यायाचं वाटतं.

‘महिला’ हे विशेषण आरक्षणाबद्दल लिहिताना हवंच. 73व्या घटनादुरुस्तीने 1993पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा आणि पदं स्त्रियांसाठी राखली गेली, महाराष्ट्राने 2011मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. तेव्हा ‘सरपंचपद महिलेसाठी राखीव’ हे नेमकं लिहिणं झालं. पण ‘महिला सरपंचांनी पाणीयोजनेची पाहणी केली’ यात ‘महिला’ कशाला? ‘पुरुष सरपंचांनी’ असं आपण कधी लिहितो का?

मग सरपंच बाई आहेत हे कळणार कसं? मराठीत ते क्रियापद सांगतं: ‘सरपंच आल्या’, ‘आमदार म्हणाल्या’, ‘महापौर बोलल्या’. मुंबईत 1956मध्ये सुलोचना मोदी महापौर झाल्या, गोव्यात 1973मध्ये शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. पदनामांना काहीही जोडावं लागलं नाही.

अडचण येते ती कर्त्याला ‘-नी’ लागतो तेव्हा. ‘सरपंचांनी ठराव मांडला’ यात क्रियापद ठरावाच्या मागे जातं आणि मांडणारा बाप्या की बाई, ते झाकलं जातं. ‘सरपंचांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली’ याचंही तेच. बाईंच्या खुर्चीवर नवरा बसून कारभार करतो, अशा गावात ही वाक्यरचना त्याच्या पथ्यावर पडते. म्हणून इतिवृत्तात आणि बातमीत एकदा तरी पूर्ण नाव घालून ‘सरपंच अध्यक्षस्थानी होत्या’ असं लिहावं, अर्थात त्या खरोखर होत्या तर. आणि नवऱ्यासाठी ‘सरपंच आले’ म्हणणं तर गावाने ठरवून बंद करावं. ‘सरपंचपती’ हे कुठलंही पद नाही, पत्रिकेवर किंवा फलकावर ते छापू नये.

‘सभापती’, ‘राष्ट्रपती’ यांतला ‘पती’ मात्र वेगळा. तिथे अर्थ स्वामी, प्रमुख असा आहे, त्यामुळे प्रतिभाताई पाटील 2007मध्ये राष्ट्रपतीच झाल्या आणि पंचायत समितीच्या बाईही सभापतीच.

‘अध्यक्षा’, ‘सदस्या’, ‘नगरसेविका’ ही रूपं रूढ आहेत. त्यांत बायकोचा अर्थ डोकावत नाही, तेव्हा ती खुशाल वापरा. बोलताना ‘सरपंचताई’, ‘सरपंचबाई’ म्हणायलाही हरकत नाही.