सकाळचा ओटा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सणाच्या पदार्थांचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. वरण-भात, पोळी-भाकरी, उसळ, पिठलं यांवर इतकी पत्रं आली, की सगळी जागा त्यांनाच दिली. हे रोजचं जेवण आहे आणि ते चांगलं व्हायला हवं.

सकाळी सात वाजता डबा घेऊन निघावं लागतं. एकाच कुकरमध्ये खाली तूरडाळ आणि वर भात लावते. डाळ मऊ होईपर्यंत शिट्ट्या केल्या तर भाताचा गिचका होतो. भात मोकळा राखला तर डाळीचे दाणे टणक राहतात. — एक वाचक, डोंबिवली

कोरड्या डाळीला भातापेक्षा जास्त वेळ लागतो. ही तफावत रात्रीच मिटवून टाका. झोपण्याआधी अर्धी वाटी तूरडाळ धुऊन भिजत घाला. उन्हाळ्यात ती फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत आंबूस वास येतो. भिजलेली डाळ आणि भात साधारण एकाच वेळी शिजतात.

सकाळी कुकरच्या तळाशी दीड पेला पाणी आणि जाळी. डाळीचं भांडं खाली, भिजल्या डाळीच्या वर बोटाचं एक पेर पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, अर्धा चमचा तेल. तेलामुळे फेस कमी येतो आणि तो शिट्टीत जाऊन अडकत नाही. वर भाताचं भांडं: जुन्या कोलमला वाटीला दोन वाट्या पाणी, आंबेमोहोर किंवा इंद्रायणी नवा असेल तर पावणेदोन पुरे.

आता मुख्य गोष्ट. शिट्ट्या मोजणं सोडा. शिट्टी म्हणजे कुकरमधला जादा दाब बाहेर पडला, एवढंच. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या भराभर होतात, बारीक आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. मग ‘तीन शिट्ट्या’ या मापाला अर्थ काय राहिला? पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवा. आतलं तापमान तेव्हाही १२० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकतं आणि गॅस वाचतो. नंतर दाब आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडली तर डाळ उसळून भातात जाते.

असं करूनही डाळ शिजत नसेल तर तीन गोष्टी तपासा. डाळ फार जुनी आहे का? पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचा गर घट्ट राहतो, अशा वेळी भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो डाळीबरोबरच कुकरला लावता का? आंबटामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून ते नेहमी नंतर. खाण्याच्या सोड्याने डाळ लवकर शिजते हे खरं, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व जातं आणि चव साबणासारखी लागते. रोजच्या वरणात सोडा नकोच.

झाकण उघडल्याबरोबर, डाळ कढत असतानाच, वरून पाणी न घालता रवीने घोटा. गार झाल्यावर घोटली तर कण राहतात. मग मीठ, सुपारीएवढा गूळ आणि हवं तेवढं गरम पाणी. त्या वरणावर चमचाभर साजूक तूप आणि लिंबाची फोड असली, की कामाच्या दिवशी आणखी काही करण्याची गरज नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. फोडणी, आमटी हे सवडीच्या दिवशी.

ज्वारीची भाकरी थापताना कडा चिरतात, उचलली की तुटते, तव्यावर फुगत नाही. सासूबाई गार पाण्यात पीठ मळतात, त्यांची छान होते. माझंच काय चुकतं? — एक वाचक, पुणे

आधी पीठ बघा, हात नंतर. चिमूटभर पीठ ओलं करून गोळी वळा आणि अंगठ्याने दाबा. कडेला भेगा पडल्या तर पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवण्याचा गुण, गेली आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. बारीक दळलेलं ताजं पीठच तिला धरून ठेवतं. सासूबाईंचं पीठ गिरणीतून नुकतंच आलेलं असेल आणि तुमचं महिन्यापूर्वीच्या पाकिटातलं, तर तुलनाच चुकीची आहे. ज्वारी एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच दळून आणा.

विरी गेलेलं पीठ टाकून देऊ नका, त्याची उकड काढा. वाटीभर पिठाला वाटीभरापेक्षा किंचित कमी पाणी, चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा. गॅस बंद करून पीठ घाला, उलथन्याच्या टोकाने ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, आणि हा चिकटपणाच भाकरीला बांधून ठेवतो. मात्र पाणी नुसतं गरम असून भागत नाही, उकळी हवी.

मळताना एका भाकरीपुरताच गोळा घ्या आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन-तीन मिनिटं रगडा. इथेच बहुतेकांची घाई होते. गोळा चपटा केल्यावर कडेला एकही भेग दिसत नाही, तोपर्यंत मळायचं. कोरडा वाटला तर पाण्याचा हात लावायचा. परातीत पीठ भुरभुरून बोटांनी थापा, भाकरी सतत फिरती ठेवा, मध्ये जाड आणि कडेला पातळ होऊ देऊ नका.

तवा इतका तापलेला हवा, की पाण्याचा थेंब टाकताच उडून जाईल. भाकरीची पीठ लागलेली बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच सगळीकडे पाणी फिरवा. आता लक्ष तिथेच ठेवा. पाण्याची चकाकी गेली, पण ओल आहे, अशा क्षणी उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटते. पाणी पूर्ण सुकल्यावर उलटली तर तडा जातो आणि त्या तड्यातून वाफ निघून जाते. मग ती कशी फुगणार? दुसरी बाजू मिनिट-दीड मिनिट नीट भाजा आणि मगच थेट आचेवर पहिली बाजू धरा. पापुद्रा सुटतो तो वाफ आत कोंडली गेल्यामुळे, म्हणून उलटताना उलथन्याचं टोक भाकरीत रुतू देऊ नका.

थापणं अजिबात जमत नसेल तर उकडीची भाकरी पोळपाटावर भरपूर पीठ लावून लाटली तरी चालते. आणि रोज करायला वेळ नसेल तर सोलापूरकडची कडक भाकरी आठवा: पातळ थापलेली, भाजून पूर्ण वाळवलेली भाकरी हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकते. शेंगदाण्याची चटणी आणि दही सोबत असलं की रात्रीचं जेवण झालं.

पोळ्या दुपारच्या डब्यात वातड होतात. सकाळचा वेळ वाचवायला कणीक रात्री मळली तर काळी पडते. — एक वाचक, नाशिक

पोळी वातड होण्याचं पहिलं कारण म्हणजे कमी तापलेला तवा. मंद आचेवर पोळी जास्त वेळ राहते आणि तिच्यातलं पाणी उडून जातं. आच मध्यमपेक्षा जास्त ठेवा, एक पोळी मिनिटभरात व्हायला हवी. दुसरं कारण घट्ट कणीक. दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी पाणी, दोन चमचे तेल, चिमूटभर मीठ. मळल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवायचीच. डबा भरताना पोळ्यांची वाफ जाऊ द्या, पण त्या उघड्यावर वाळेपर्यंत थांबू नका. कोमट असताना सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घाला.

कणीक काळी पडते ती हवेमुळे. गोळ्याला सगळीकडून तेलाचा हात लावा, तो जेमतेम मावेल अशा डब्यात दाबून बसवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या सकाळी संपवा. लाटण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढा. केलेल्या पोळ्या मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. त्या थंडाव्यात पोळी बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होते. जास्तीच्या पोळ्या फ्रीझरमध्ये ठेवणं त्यापेक्षा बरं.

मटकीला मोड येतात, पण पावसाळ्यात बुळबुळीत होऊन वास येतो. शिजल्यावर काही दाणे दाताखाली खड्यासारखे लागतात. — एक वाचक, कोल्हापूर

मोड यायला ओल लागते, पाणी नाही. आठ-दहा तास भिजवल्यावर मटकी चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या, मगच घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात बांधा. दमट हवेत दर आठ-दहा तासांनी एकदा पाण्याखाली धरून पुन्हा निथळा. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, बुळबुळीतपणा आणि वास त्यांचाच असतो. अशी मटकी धुऊन वापरू नका, टाकून द्या. मोड अर्धा-पाऊण सेंटिमीटर झाले की फ्रिजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवायची.

दाताखाली येतात ते गणंग. भिजल्यावर मटकी ताटात पसरा: जे दाणे फुगलेले नाहीत, लहान आणि तुकतुकीत दिसतात, ते वेचून काढा. ते कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत.

उसळ कुकरला लावू नका, मोड गळून पडतात. फोडणीवर मटकी परतून अर्धी वाटी गरम पाणी घाला, झाकणावर पाणी ठेवून दहा-बारा मिनिटं शिजवा. दाणा बोटाने दबला, की मगच आमसूल, गूळ, मीठ, गोडा मसाला.

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकते. ओट्यावर झाकून ठेवलेला असतो. हे बरोबर आहे का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही. फोडणीचा भात जरूर करा, ओट्यावर रात्रभर ठेवणं थांबवा. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उलट्या-जुलाब होतात ते त्यामुळे. जेवणं झाली की भात ताटात पसरून लवकर गार करा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. एक फायदाही होतो: फ्रिजमधल्या भाताचा दाणा सुटा होतो आणि फोडणीत गोळे होत नाहीत. सकाळी वाफ येईपर्यंत गरम करा, आणि त्यातूनही उरला तर पुन्हा ठेवू नका.

नोकरीसाठी एकटा राहतो. एक कढई, एक गॅस. पिठल्यात कायम गुठळ्या होतात आणि बेसन कच्चं लागतं. — एक वाचक, बंगळुरू

उकळत्या पाण्यात कोरडं पीठ वैरताना प्रत्येक गोळ्याचं बाहेरचं पीठ आधी शिजतं आणि आतलं कोरडंच अडकतं. हात बसेपर्यंत पीठ गार पाण्यात कालवून घ्या. एका माणसासाठी अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी गार पाणी. आधी थोडं पाणी घालून घट्टसर गुळगुळीत कालवा, मग उरलेलं. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, चिरलेला कांदा, हळद. कांदा मऊ झाला की सव्वा वाटी पाणी आणि मीठ. खळखळून उकळी आल्यावर कालवलेलं बेसन एका हाताने ओता, दुसऱ्या हाताने ढवळा.

पिठलं दोन मिनिटांत घट्ट दिसतं आणि तिथेच लोक गॅस बंद करतात. कच्ची चव त्यामुळेच. बारीक आचेवर झाकण ठेवून सहा-सात मिनिटं वाफ द्या. गार होताना ते आणखी आळतं, म्हणून हवं त्यापेक्षा थोडं सैल असतानाच उतरवा. गुठळ्या झाल्याच तर कढईतच रवी फिरवा. वर कोथिंबीर आणि कच्चं तेल. शेजारी गरम भात असेल तर पोळीचीही गरज नाही.

इथल्या हिवाळ्यात दही लागतच नाही. — एक वाचक, टोरांटो

दूध उकळून इतकं कोमट होऊ द्या, की करंगळी दहा आकडे मोजेपर्यंत आत सहज राहील. ४० ते ४३ अंश. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण पुरतं, तेही फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेलं. जास्त विरजणाने दही लवकर लागतं, पण आंबट आणि पाणेरी होतं. ओव्हन चालू न करता फक्त आतला दिवा लावा आणि भांडं झाकून सहा ते आठ तास तिथे ठेवा, मध्ये हलवू नका. विरजणासाठी दुकानातलं साधं, बिनसाखरेचं दही घ्या, डब्यावर जिवंत जिवाणू असल्याचं लिहिलेलं हवं. पहिल्या खेपेला सैल लागलं तर त्याच दह्याचं विरजण दुसऱ्या खेपेला वापरा. तार येत असेल तर ते विरजण बदला आणि दूध थोडं जास्त गरम असताना लावा.